ज्यूडीबाई हॅशमन : खेळाडू आणि शिक्षिका

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'विद्यार्थी आणि शिस्त' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. या विषयावर आम्ही छत्तीस वर्षे वर्गात बोलत आलो आणि ज्यांनी ऐकावयाचे त्यांनी ते कधीच ऐकले नाही. सबब मंडळाची क्षमा मागून आम्ही विषय बदलीत आहो. आज आम्ही एका परदेशी बाईंची हकीकत सांगणार आहो. तसे करण्यास कारण घडले आहे.

गेल्या दिवाळीत आपल्यापैकीच एक गृहस्थ आमच्याकडे फराळास आले. त्यांची कन्या बॅडमिंटन उत्तम खेळते. जिल्ह्याच्या निवडीसाठी तिचे नाव गेले आहे. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, मुलगी आता दहावीत गेली. खेळ पुरे झाला ना? तुम्हीच तिला चार शब्द सांगा." आम्ही चिवड्याची बशी पुढे सरकविली आणि 'पाहू' म्हणालो. त्या 'पाहू'चे उत्तर आज देत आहो.

बॅडमिंटन हा खेळ आपण विलायती समजतो. नाव विलायती आहे खरे; ग्लॉस्टरशायर परगण्यात ब्यूफर्टच्या ड्यूकचा बॅडमिंटन नावाचा वाडा आहे, त्यावरून ते पडले. परंतु या खेळास पूर्वी 'पूना' असेही म्हणत. पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियम पुण्यातच लिहिले गेले, असे त्याच्या इतिहासात नमूद आहे. पुढे १८९९ पासून इंग्लंडात ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९७७ पर्यंत नव्हतीच. त्यामुळे तोवर ऑल इंग्लंड जिंकणारा तो जगज्जेता, असाच हिशेब होता.

या स्पर्धेत महिलांचे एकेरीचे विजेतेपद दहा वेळा जिंकणाऱ्या बाई म्हणजे ज्यूडी डेव्हलिन, लग्नानंतरच्या ज्यूडी हॅशमन. जन्म २२ ऑक्टोबर १९३५, कॅनडातील विनिपेग येथे. वडील फ्रँक डेव्हलिन हे मूळचे आयर्लंडमधील डब्लिनचे. त्यांनी स्वतः ऑल इंग्लंडची अठरा विजेतेपदे मिळविली होती, त्यांत सहा एकेरीची. बॅडमिंटन शिकविणे हाच त्यांचा चरितार्थ. पुढे हे कुटुंब अमेरिकेत बाल्टिमोर येथे स्थायिक झाले. घरात दोन मुली, थोरली सुसन आणि धाकटी ज्यूडी. ज्यूडी १९४९ साली, तेराव्या वर्षी, अमेरिकेची कुमारी विजेती झाली आणि सलग सहा वर्षे ते पद तिने कोणाकडे जाऊ दिले नाही. सहाव्या वर्षी, म्हणजे १९५४ साली, याच अठरा वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या गटात अमेरिकेचे विजेतेपद घेतले, ऑल इंग्लंडची एकेरी जिंकली, आणि बहिणीस जोडीला घेऊन दुहेरीही जिंकली. आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलीचा फोटो स्थळांकडे रवाना होत असतो. असो.

यानंतर सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. १९५५ आणि १९५६ या दोन्ही वर्षी एकेरीचे पद मार्गारेट व्हार्नर या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूने नेले. १९५७ मध्ये ज्यूडीबाईंनी ते परत आणले. १९५९ साली ते इंग्लंडच्या हेदर वॉर्डकडे गेले. १९६० साली पुन्हा परत. उबेर चषक ही महिला संघांची जागतिक स्पर्धा १९५७ साली सुरू झाली. तीही पहिल्या तीन वेळा, १९५७, १९६० आणि १९६३ साली, अमेरिकेने जिंकली, आणि तिन्ही संघांत बाई होत्या.

आता पालकांनी, विशेषतः मुलींच्या मातापित्यांनी, एक हिशेब ध्यानात घ्यावा. १९६० साली बाईंचे केन हॅशमन या इंग्रज गृहस्थांशी लग्न झाले. देश बदलला, घर बदलले, आडनाव बदलले. 'लग्न झाले, आता खेळ संपला' असे कोणी म्हटले असते तर ते जगरहाटीस धरूनच झाले असते. पण एकेरीची दहा विजेतेपदे मोजून पाहा. १९५४, १९५७, १९५८ आणि १९६० ही चार माहेरच्या आडनावाची. १९६१, १९६२, १९६३, १९६४, १९६६ आणि १९६७ ही सहा सासरच्या आडनावाची! बहिणीचेही लग्न होऊन ती आयर्लंडास गेली होती. तरी दोघी विवाहित बहिणी एकत्र येऊन १९६१, १९६३ आणि १९६६ साली दुहेरी जिंकून गेल्या. आम्हांस तर ही माहेरपणाचीच एक तऱ्हा वाटते.

आणि हे सर्व कशासाठी? त्या काळी हा खेळ हौशी होता. विजेत्याच्या हाती पैसा पडत नसे, ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटन नव्हते (ते १९९२ साली आले). बाई इंग्लंडात शाळेत शिकवीत असत. आमच्याच व्यवसायातील, म्हणून आम्हांस त्यांचा अधिक अभिमान. ज्याने शाळेत पाच तास घेतले आहेत त्यालाच कळेल की त्यानंतर सरावास उभे राहणे म्हणजे काय.

१९६७ चा शेवटचा अंतिम सामना सांगण्यासारखा आहे. बाईंचे वय एकतीस. समोर जपानच्या नोरिको ताकागी. पहिला डाव बाईंनी ५–११ असा गमावला. दुसरा ११–८ असा घेतला. महिलांचा डाव तेव्हा अकरा गुणांचा असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. म्हणजे कित्येक फेऱ्या दमछाक होऊनही फलक जागचा हलत नसे. तिसरा डाव अकरावर मिटला नाही, तो बाईंनी १२–१० असा जिंकला. दहावे विजेतेपद पदरी पडले आणि बाई मोठ्या एकेरी स्पर्धांतून निवृत्त झाल्या. एकेरीची दहा, दुहेरीची सात, एकूण सतरा. वडिलांची अठरा होती. एकाने कमी! पुढे १९६९ साली त्यांनी खेळावर पुस्तक लिहिले. १९७० साली त्या ब्रिटिश नागरिक झाल्या व काही काळ इंग्लंडच्या संघातूनही खेळल्या. मे २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्या निवर्तल्या.

परदेशातील गोष्टी परदेशातच शोभतात, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या पुण्याकडे पाहावे. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक आणि महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार दि. ब. देवधर यांच्या तिन्ही मुली, तारा, सुंदर आणि सुमन, १९४०च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. म्हणजे डेव्हलिन भगिनींचे नाव ऐकू येण्यापूर्वीच ही गोष्ट आपल्या पुण्यात घडून गेली होती. येथेही वडील खेळाडू, आणि तेथेही. मुली कोर्टावर उतरल्या त्या वडिलांनी दार उघडले म्हणून.

आता जे सांगावयाचे ते सांगताना आम्हांस संकोच होत आहे. आमचे वडील लवकर गेले. १९७८ साली आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि घरात कर्ते होतो. धाकटी बहीण अकरावीत. तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. सामने परगावी, दोन रात्रींचा मुक्काम. सोबत शाळेच्या बाई होत्या, अन्य मुली होत्या. बहिणीने कपडे पिशवीत भरूनही ठेवले होते. आम्ही 'नाही' म्हणालो. कारण विचारले असते तर आम्हांस ते सांगता आले नसते. परंतु तिने विचारले नाही. पिशवी रिकामी केली आणि रॅकेट लाकडी चौकटीत घालून, चारही स्क्रू पिळून माळ्यावर ठेवली. पुढे आम्ही शाळेत खेळांची बक्षिसे वाटली, भाषणे केली, मुलींना उत्तेजन द्यावे असे सांगितले. घरी या गोष्टीचा उच्चार कधी झाला नाही.

या भाषणाची तयारी चालली असताना ती माहेरी आली होती. आता तीही नातवंडांची आजी आहे. आमचे टिपण तिने चष्मा लावून वाचले आणि एवढेच म्हणाली, "अण्णा, त्या बाईंच्या वडिलांविषयी जरा जास्त सांगा." आम्ही त्याप्रमाणे सांगितले आहे.

ते दिवाळीचे गृहस्थ समोर तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. आपण चार शब्द सांगण्यास सांगितले होते, ते मुलीस सांगण्याऐवजी आपणांसच सांगतो. जिल्ह्याचे सामने मार्गशीर्षात आहेत, परीक्षा फाल्गुनात. गणित कच्चे असेल तर संध्याकाळी सातनंतर तिला आमच्याकडे पाठवा, फी नाही. आणि परगावी तिच्यासोबत जाण्यास घरचे कोणी मोकळे नसेल, तर आम्ही मोकळे आहो. निवृत्त माणसास रजेचा अर्ज करावा लागत नाही. आमची बहीणही बरोबर येईन म्हणते.