दुवा कोणाचा घ्यावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांचा भांड्यांचा व्यापार आहे. त्यांच्या तरुण पिढीने दुकानांची संकेतस्थळे उभारली. परंतु गूगलवर शोध घेतला असता ती पहिल्या दहा पानांतही दृष्टीस पडत नाहीत. यावर उपाय म्हणून कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना आल्या आहेत. पहिली अशी की, ज्ञातीतील सर्व व्यापाऱ्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर परस्परांचे दुवे द्यावेत. दुसरी अशी की, एका दलालाकडून मंडळाच्या निधीतून घाऊक दुवे खरेदी करावेत. या दोहोंविषयी आमचे मत सांगण्याची आज्ञा झाली आहे. आम्ही व्यापारी नव्हे. आमचा जन्म खडूची पूड अंगावर घेण्यात गेला. तथापि निवृत्तीनंतर हा विषय थोडाबहुत अभ्यासिला आहे, त्याच्या आधारे बोलतो.

एका संकेतस्थळाच्या मजकुरातून दुसऱ्याकडे नेणारी जी वाट ठेवलेली असते, तिला दुवा म्हणावयाचे. शोधयंत्रास त्याचे अगत्य का? १९९५ साली निघालेल्या अल्टाव्हिस्टासारख्या जुन्या शोधयंत्रांची भिस्त मुख्यतः पानावरील शब्दांवर असे. साहजिकच लबाड मंडळी एकच शब्द शंभरदा लिहून ठेवीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी निराळी वाट धरली. पान स्वतःविषयी काय सांगते एवढ्यावर न थांबता इतर पाने त्याच्याकडे कितपत बोट दाखवितात हेही पाहावे, असे त्यांनी ठरविले. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगल कंपनीचा पाया हाच. कल्पना मात्र सर्वस्वी नवी नव्हती. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ पासून, कोणत्या जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यांत घेतला गेला याच्या याद्या वकिलांकरिता छापल्या. त्यांचाच धडा घेऊन यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली शास्त्रीय निबंधांची तशीच सूची प्रसिद्ध केली.

आपल्याला यासाठी अमेरिकेस जाण्याचे तरी काय कारण? सोयरीक जुळविताना आपण हेच करीत आलो आहोत. मुलाकडील मंडळी स्वमुखाने काय सांगतात यावर कोणी विसंबत नाही. चौकशी होते ती त्रयस्थाकडे: शेजाऱ्याकडे, वाण्याकडे, शाळामास्तराकडे. मुलाच्या मामाचे प्रशस्तिपत्र ऐकून घेतात आणि सोडून देतात.

शिवाय सर्वच शिफारशींचे वजन सारखे नसते. पेज-ब्रिन यांच्या गणितात, ज्या पानाकडे स्वतः पुष्कळ व वजनदार दुवे आले आहेत त्याने दिलेल्या दुव्याची किंमत अधिक. आणि ते पान जितक्यांना दुवे देईल तितक्यांत ते वजन वाटले जाते. सरसकट साऱ्या वर्गाला उत्तम वर्तणुकीचे दाखले देणाऱ्या हेडमास्तरांच्या दाखल्याची पत काय असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे! आज गूगल दुव्यांखेरीज इतरही अनेक खुणा पाहते, तरी दुवा अद्याप हिशेबातून गेलेला नाही.

आता पहिली सूचना. हे बोलणे कित्येकांस रुचणार नाही. पण आपण आपल्यांचीच शिफारस करणे म्हणजे मामाचे प्रशस्तिपत्र होय. उंटाने गाढवाचा आवाज वाखाणावा आणि गाढवाने उंटाचे रूप, असा तो प्रकार. केवळ क्रमांक वाढविण्यासाठी अतोनात दुवे देवघेव करणे गूगलच्या लेखी नियमांत निषिद्ध आहे, आणि असे बंद वर्तुळ यंत्रास ओळखू येते. मंडळाच्या संकेतस्थळावर गावोगावच्या दुकानांची यादी जरूर असावी. नाशिकचे दुकान शोधणाऱ्या गिऱ्हाइकास ती उपयोगी पडेल. तिने क्रमांक चढेल ही आशा तेवढी नको.

दुसऱ्या सूचनेस आमचा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानाची हकीकत ऐका. २०१० च्या नाताळच्या हंगामात कपडे, अंथरुणे, सतरंज्या, काहीही शोधा, हेच दुकान अग्रभागी. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले की, त्याच्याकडे बोट दाखविणारे हजारो दुवे भलत्याच, असंबद्ध संकेतस्थळांवर पेरलेले होते. हे आपल्या संमतीने झाले नाही असे दुकानाने सांगितले व आपल्या सल्लागार संस्थेस रजा दिली. परंतु गूगलने कारवाई करताच प्रवासी बॅगांच्या एका शोधात ते पहिल्या क्रमांकावरून दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर घसरले. एवढ्या मोठ्या पेढीची ही गत! २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ नावाची चाळणी लावली व अशा कृत्रिम दुव्यांची पाने मागे लोटली. २०१६ पासून ती चाळणी अखंड चालू असून, पेरलेला दुवा बहुधा जमेसच धरीत नाही. म्हणजे पैसे गेले आणि हाती काही नाही. पैसे देऊन जाहिरात अवश्य करावी. मात्र तसल्या दुव्यावर तो मोलाचा आहे अशी खूण ठेवावी लागते, आणि मग शिफारस म्हणून त्याची गणना सहसा होत नाही.

मराठीत ‘दुवा’ शब्दाला दोन अर्थ आहेत, साखळीतील कडी आणि आशीर्वाद. आमच्या मते येथे दुसराच अधिक लागू पडतो.

मग दुवा मिळावा कसा? त्रयस्थास बोट दाखवावेसे वाटेल असे काही आपल्यापाशी हवे. ‘आमची भांडी उत्तम’ या वाक्याकडे कोण कशाला बोट दाखवील? परंतु कल्हईविषयी एक सविस्तर पान लिहा. पितळी पातेल्यात ताक का कळकते. चिंच-आमसुलाचे पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात का ठेवू नयेत. आतली रुपेरी झळाळी जाऊन पिवळा वा तांबूस धातू दिसू लागला म्हणजे भांडे कल्हईस कसे द्यावे. कथील आणि नवसागर यांचे काम काय. हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. पाककृती लिहिणाऱ्या गृहिणी, रसायनशास्त्राचे शिक्षक, जुन्या वस्तूंचे संग्राहक यांना असे पान हवेच असते. ते तयार झाल्यावर अशांना सभ्यपणे पत्र लिहून कळविण्यात कमीपणा नाही. एखाद्याच्या पानावरील जुना दुवा मेलेला आढळला तर तसे सांगून आपले पान सुचवावे. मात्र दुव्याचे शब्द त्याचे त्यालाच निवडू द्यावेत. दहा साक्षीदार अक्षरशः एकच वाक्य बोलू लागले की न्यायाधीशास संशय येतोच.

याला महिने लागतील, कदाचित वर्षही. निधीतून खर्च करावयाचाच तर भांड्यांच्या चांगल्या छायाचित्रांवर आणि मजकुराचे मुद्रितशोधन करणाऱ्यावर करावा. मुद्रितशोधन आम्ही विनामूल्य करू. आपल्याकडे कोणी दुवा दिला हे दाखविणारे सर्च कन्सोल नावाचे गूगलचे साधनही विनामूल्य आहे. ज्यांना ते पाहावयाचे असेल त्यांनी भोजनानंतर याच सभागृहात थांबावे, आणि येताना दुकानाचे संकेतस्थळ ज्या मुलाने वा सुनेने केले असेल तिला वा त्याला बरोबर आणावे.