हातातला गेमचा कम्प्युटर: कर्ज द्यायचं का?

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी ४०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला हातात धरून गेम खेळायचा कम्प्युटर हवा होता. मित्राचा वापरलेला मिळत होता.

आधी आम्हाला हसूच आलं. पण म्हशीला कर्ज देताना आपण गोठ्यात जाऊन दूध बघतोच ना? मग हेही बघूनच ठरवू म्हटलं. मुलाला सांगितलं, दोन दिवस वस्तू घरी आण.

ते होतं आसुस कंपनीचं आरओजी अॅलाय. २०२३ साली भारतात आलं तेव्हा किंमत ६९,९९० रुपये होती. सात इंची स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. आत विंडोज, म्हणजे कम्प्युटरच.

पहिल्यांदा मोठा, नव्या पद्धतीचा गेम लावला. चित्र सिनेमासारखं दिसलं. पण यंत्र तापलं, पंखा घरघरला आणि दीड तासात बॅटरी संपली. ही बॅटरी ४० वॅट-तासांची असते. म्हणजे ४० वॅटचा बल्ब एक तास जळेल एवढीच वीज. असे गेम डाऊनलोडही करावे लागतात. जीटीए फाइव्हसारखा एक गेम १०० जीबीच्या घरात जातो. आपल्या मोबाइलला रोज २ जीबी नेट मिळतं, म्हणजे एका गेमला पन्नास दिवस!

मग जुना गेम लावला, १९८५ सालचा मारिओ. तो जेमतेम ४० केबीचा. यंत्र थंड, बॅटरीही बराच वेळ टिकली. आमच्यातल्या एकीच्या माहेरी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता, पण भाऊ हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी तिनं तासभर रिमोट सोडला नाही! एक मात्र सांगतो. जुने गेम नेटवर फुकट मिळतात म्हणून कुठूनही घेऊ नका. त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात, आणि अशा साइटवरून व्हायरसही येतो.

"मी यावर अभ्यासही करीन," असं मुलगा म्हणत होता. एक्सेल उघडून बघितलं. अक्षरं मुंगीएवढी. कीबोर्ड आणि टीव्ही जोडला तर काम होतं, पण मग हातात धरायची वस्तू कशाला घ्यायची?

शेवटी त्यालाच विचारलं, "रोज काय खेळशील?" थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "जास्त करून जुनेच." जुने गेम साध्या लॅपटॉपवरही चालतात. म्हणून गटानं वापरलेला लॅपटॉप आणि खेळायचा रिमोट यासाठी २५,००० रुपये मंजूर केले. हप्त्यातला अर्धा वाटा मुलगा सुट्टीत काम करून भरणार. दोन दिवस तो रुसला होता, आता नाही.

तुमच्याकडे अशी मागणी आली तर हसून टाळू नका, आणि डोळे झाकून पैसेही देऊ नका. वस्तू दोन दिवस वापरून बघा. फुल चार्ज करून किती वेळ चालते ते घड्याळ लावून मोजा. बटणं आणि काड्या नीट फिरतात का, मूळ बिल आहे का, वॉरंटी किती उरली, हे तपासा. आणि पोराला समोर बसवून हप्त्याचा हिशोब त्याच्याच हातानं लिहून घ्या.