चौकट आणि चित्र

१९५४ साली जर्मनीतील वेट्झलार येथे तयार झालेल्या लायका एम-३ या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकाला डोळा लावला, की एक उजळ चौकट दिसते. तिच्या आत जे आहे तेवढेच फिल्मवर उमटेल, अशी आपली समजूत होते. ती पुरती खरी नाही.

डोळा वरच्या झरोक्यातून पाहतो, तर फिल्मवर प्रतिमा पडते ती खालच्या भिंगातून. वस्तू जवळ असेल तसा या दोहोंतील फरक वाढतो. तो भरून काढण्यासाठी चौकट आपोआप सरकते. परंतु तिचा आकार बदलत नाही. ५० मिलिमीटरचे भिंग १ मीटरवरील वस्तूसाठी सुमारे अडीच मिलिमीटर पुढे येते आणि त्याचे दृश्यक्षेत्र आक्रसते. अशा वेळी कोणाचे मस्तक कापले जाऊ नये, म्हणून चौकट याच अंतरासाठी आखलेली असते. परिणामी, दूरच्या दृश्यात तिच्याबाहेरचेही काही फिल्मवर येते.

चौकट निदान एवढे मिळेल, याची हमी देते. नको ते टाळायचे असेल, तर छायाचित्रकाराने चौकटीच्या बाहेरही पाहावे. सुदैवाने या दृश्यदर्शकात तेवढी जागा ठेवलेली आहे.