पोटरीचे दुखणे आणि पाय वाचविण्याचे उपाय



आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नव्हे. आपण डॉक्टरकडे वेळेवर जावे, एवढ्याच हेतूने हे दोन शब्द बोलत आहोत.

थोडे चालले की पोटरी भरून येते, उभे राहिले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. पेन्शन घ्यायला येणारे कितीतरी वडीलधारे आम्हाला हीच तक्रार सांगतात आणि वर म्हणतात, "वय झालं, वात आहे!" मग तेल चोळायचे आणि चालणे बंद करायचे. परंतु हा पायाच्या धमन्यांचा आजार असू शकतो. धमनीच्या आत चरबीचा थर साचून ती अरुंद होते आणि चालताना स्नायूंना लागणारे जादा रक्त पोहोचत नाही. तंबाखू आणि मधुमेह ही याची दोन मोठी कारणे. उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल त्यात भर घालतात.

तपासणी साधी आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले तर आजार आहे असे समजतात. मधुमेही रुग्णाच्या धमन्या कधी कधी कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

आता उपचार. पहिला उपचार म्हणजे तंबाखू पूर्ण बंद. बिडी, सिगारेट तर नकोच, पण चुना-तंबाखू आणि मिश्रीही नको. बिडी ओढणाऱ्या तरुणांना होणाऱ्या बर्जरच्या आजारात तर याला पर्यायच नाही. दुसरा उपचार चालण्याचा. दुखू लागेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे गेले की पुन्हा चालावे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान तीन वेळा, किमान १२ आठवडे करावे. त्याने चालण्याचे अंतर खरोखर वाढते. मात्र पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तिसरा उपचार औषधांचा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, शिवाय साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे. सिलोस्टॅझॉल या गोळीने चालण्याचे अंतर वाढते, पण हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही. ही औषधे केवळ पायासाठी नसतात. ज्याच्या पायाच्या धमन्या तुंबल्या, त्याला हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका अधिक असतो.

एवढ्याने भागले नाही, किंवा रात्री झोपेतही पाय दुखू लागला, जखम भरेना, बोट काळे पडू लागले, तर धमनी उघडण्याचा विचार करावा लागतो. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक बाई आली. पाय कापावा असा सल्ला तिला मिळाला होता आणि तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी नळीने तिची अरुंद धमनी रुंद केली. पाय वाचला आणि ती पुन्हा चालू लागली. त्याच वाटेने पुढे फुग्याची अँजिओप्लास्टी आणि स्टेंट आले. दुसरा मार्ग बायपासचा. रुग्णाचीच शीर घेऊन तुंबलेल्या भागाला वळसा घालतात.

दोहोंत चांगले कोणते? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पायाची शीर चांगली असलेल्या गंभीर रुग्णांना बायपासचा लाभ जास्त दिसला. २०२३ सालच्या ब्रिटनमधील अभ्यासात, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी अँजिओप्लास्टी करणे सरस ठरले. म्हणजे शेजाऱ्याला जे केले तेच आपल्याला लागू पडेल असे नाही. तुंबलेली जागा, शिरेची स्थिती आणि रुग्णाची प्रकृती पाहूनच हा निर्णय होतो.

गँगरीन पसरून जीवावर बेतले तर पाय कापणे टळत नाही. परंतु जिथे थांबण्याइतका वेळ आहे, तिथे "डॉक्टर, रक्तपुरवठा तपासला का? धमनी उघडता येईल का?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. खर्चाला भिऊन घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. आणि पाय एकाएकी थंडगार, पांढरा पडून असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. तिथे प्रश्न तासांचा असतो.

विद्यार्थी मित्रहो, एक काम तुमच्याकडे सोपवितो. घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. त्यांच्या पायाला वेदना कळत नसेल, पण तुमच्या डोळ्यांना जखम दिसेल. आजी-आजोबा रस्त्यात वारंवार थांबत असतील तर त्यांच्यावर चिडू नका, कुठे आणि किती अंतरावर दुखते ते विचारा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा.