दुसऱ्याच्या हातचे पत्ते

हेडफोन नीट लावा, आजचा भाग पत्त्यांवर आहे. रमीचे नाही हं, टॅरोचे.

मार्चमध्ये माझी नोकरी गेली. बी.टेक., सहा वर्षांचा अनुभव, आणि पंधरा मिनिटांच्या एका कॉलवर सगळं संपलं. त्याच आठवड्यात कोथरूडमधल्या एका ताईंनी वापरलेला टॅरो डेक विकायला काढला होता, साडेतीनशे रुपयांना. मी घेतला. पुढं काय होणार ते कुणीतरी सांगावं, एवढंच हवं होतं.

पुण्यातली खोली सोडली आणि गावी आले, तुळजापूर तालुक्यात. नेटवर वाचलेलं, की जुना डेक मिठात ठेवा, धूप दाखवा, नाहीतर आधीच्या मालकाची ऊर्जा चिकटते. मी पडले इंजिनिअर, आधी मोजले. टॅरोचे पत्ते 78 असतात, 22 मोठे आणि 56 छोटे. माझे भरले 77. नेमका 'सूर्य' गायब!

"काय करायलीस गं?" आज्जी.

म्हटलं, दुसऱ्याचे वापरलेले आहेत, मला लागू पडतील का?

आज्जी भवानीची आराधी. तिनं गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला हात लावला. "ही तरी कुठं माजी हाय? सासूची. रोज घालायची, मंग आपली हुती."

नीट बघितलं तर माळेत एक कवडी जास्तच पांढरी. जुनी फुटली, तिथं नवी ओवलेली.

मग तिनं पत्ते हातात घेतले. या डेकमधली चित्रं पामेला कोलमन स्मिथची, 1909 सालची. छोट्या पत्त्यांवरही तिनं अख्खे प्रसंग काढलेत. त्यामुळं पुस्तक न वाचताही गोष्ट दिसते.

"ह्यो म्हातारा कंदील घिऊन कुणाला हुडकायलाय?" मग पेंटॅकल्सची अठ्ठी. "ह्यो सोनार का? एकटाच ठोकत बसलाय. पन काम सोडलं न्हाई त्यानं."

मी गप्प. तीन आठवडे मी लॅपटॉप उघडला नव्हता.

खरं तर टॅरो हा पंधराव्या शतकातल्या इटलीतला खेळ, भविष्य त्याला नंतर चिकटलं. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफासारखाच, 120 गोल पत्ते, देव हातात घेऊन खेळायचे.

मीठ-धूप राहिलं. कोरड्या फडक्यानं पत्ते पुसले, आणि पुठ्ठा कापून 78वा पत्ता केला. कोराच ठेवला. आता रोज सकाळी एक पत्ता काढते. 'काय होणार' विचारत नाही, 'मला यात काय दिसतंय' एवढंच बघते. मग लॅपटॉप उघडते. नोकरी अजून नाही, पण अर्ज जायला लागलेत.

परवा कोरा पत्ता निघाला. आज्जीला दाखवला.

"आज तुजं तू बघ," म्हणाली.

तुमच्याकडं आहे का अशी दुसऱ्याच्या हातची वस्तू, जी हळूहळू तुमची झाली? आवाज रेकॉर्ड करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!