फोटोतलं पोर
(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदी कामगार. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा सरळच बोलतो.

परदेशातला एक माणूस महिन्याला पैसे धाडतो. त्याला आपल्यातल्या एका पोराचा फोटो मिळतो, नंबर मिळतो, पत्रं मिळतात. ही स्पॉन्सरशिप. १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात होरपळलेल्या पोरांसाठी जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकारानं अशीच योजना काढली. १९५३ साली वर्ल्ड व्हिजननं कोरियातल्या अनाथांसाठी काढली. तिथं आईबाप युद्धात मेले होते. आमचे आईबाप जिवंत आहेत, मरमर राबताहेत. फोटोत मात्र ते कुठंच नाहीत!

फायदा होत नाही म्हणणारा खोटारडा. २०१३ साली भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास छापून आला. स्पॉन्सर मिळालेली पोरं एक ते दीड वर्ष जास्त शिकली. आपल्यासारख्यांच्या घरात एक वर्षाची शाळा म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

पण किंमत? आमच्या वस्तीत एका घरात दोन भाऊ. नंबर एकालाच. त्याला दप्तर, बूट, वाढदिवसाचं कार्ड. दुसरा दारात उभा राहून बघायचा. आणि पत्र? बाई फळ्यावर लिहायच्या, पोरं उतरवायची : मी आनंदात आहे, तुमचे उपकार फार आहेत. पावसाळ्यात गटार घरात शिरतं, बापाला काम नाही, हे त्या पत्रात कधीच गेलं नाही. नऊ वर्षांच्या पोराला उपकाराची भाषा आधी शिकवली, हक्काची शिकवलीच नाही. पुढं काही संस्थांनी पैसा साऱ्या वस्तीच्या पाण्यावर, शाळेवर घातला. बरं केलं. तरी दात्याकडं फोटो जातो तो एकट्या पोराचाच.

मग २०१७ चा मार्च आठवा. केंद्र सरकारनं पूर्वपरवानगीची अट घालून परदेशी पैसा अडवला आणि कम्पॅशन इंटरनॅशनलनं भारतातलं काम गुंडाळलं. सुमारे १ लाख ४५ हजार पोरं उघड्यावर. त्यांना ना दिल्लीनं विचारलं, ना दात्यानं. मोर्चा न्यायचा कुणावर? दानावर दावा लावता येत नाही, दोस्तहो.

बाबासाहेबांनीही १९१३ साली बडोद्याची स्कॉलरशिप घेतली. पण उघड करार करून, दहा वर्षं नोकरीच्या बोलीवर. आणि ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना, १९४४ पासून, आपल्या पोरांना सरकारी मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप सुरू झाली. ती रखडते, कारकून छळतो, सगळं खरं. पण ती अडली की समाजकल्याणच्या दारात ठिय्या देता येतो. साहेबाला खुर्चीतून उठवता येतं.

म्हणून मिळतंय ते दप्तर फेकू नका. पोरांनी शिकलंच पाहिजे. फक्त संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. पत्रात गटाराचंही लिहायला सांगा. आणि त्याच हातानं दुसरा अर्ज लिहून घ्या, वॉर्ड ऑफिसच्या नावानं. त्यात आभार नकोत.

जयभीम.