मण्याएवढं खेळणं आणि आईच्या माथी दोष

(बालवाडी शिक्षिका, अंगणवाडी ताई आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज मी एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहे. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीबेरंगी मणी तुम्ही सर्वांनी पाहिले असतील. कुणी त्यांना जेली बॉल म्हणतं, कुणी मॅजिक बॉल. जत्रेत, शाळेसमोरच्या दुकानात आणि आता मोबाइलवरून घरपोचही ते मिळतात. कोरडा मणी साबुदाण्याएवढा असतो. पाण्यात ठेवला की काही तासांत तो फुगतो आणि गोटीएवढा, काही जातींचा तर लिंबाहूनही मोठा होतो. तो दिसतो चमकदार, हाताला लागतो गार आणि बुळबुळीत. दोन वर्षांच्या मुलाला तो गोळीसारखा वाटला, तर त्यात मुलाचं काय चुकलं?

हे मणी पाणी शोषून धरणाऱ्या एका प्रकारच्या प्लास्टिकचे असतात. याच जातीचा पदार्थ आपल्या सॅनिटरी पॅडमध्ये आणि बाळांच्या डायपरमध्ये असतो. कोरडवाहू शेतीत ओल टिकवण्यासाठीही त्याचा उपयोग करतात. म्हणजे हा पदार्थ आपल्याला परका नाही. धोका आहे तो त्याचे मणी करून मुलांच्या हातात देण्यात.

गिळलेला मणी पोटातलं पाणी शोषून फुगत राहतो. गिळताना सहज गेलेली वस्तू पुढे आतड्यात अडकते. मग उलट्या होतात, पोट फुगतं, दुखतं, शी होत नाही, मूल खायला मागत नाही, मलूल पडतं. ही लक्षणं कशाचीही असू शकतात, त्यामुळे निदान चुकतं. त्यात भर म्हणजे हा मणी साध्या एक्स-रेत दिसत नाही. आतडं पूर्ण अडलं, तर ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही. श्वासनलिकेत गेला, तर मूल गुदमरतं. कानात गेला आणि ‘कान दुखतोय’ म्हणून औषधाचे थेंब घातले, तर त्या थेंबांवरही तो फुगतो आणि कानाला कायमची इजा करू शकतो.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार २०१६ ते २०२२ या काळात अशा मण्यांमुळे सुमारे ७,८०० जणांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात उपचार घ्यावे लागले. जुलै २०२३मध्ये तिथे १० महिन्यांचं एक बाळ दगावलं. त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्या खेळण्याचे सुमारे ५२,००० संच बाजारातून परत मागवण्यात आले. डिसेंबर २०२३मध्ये अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेट या बड्या विक्रेत्यांनी मुलांसाठी म्हणून हे मणी विकणं तिथे थांबवलं. हे आपोआप झालं नाही. ज्यांच्या मुलांना इजा झाली, अशा आया वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, म्हणून झालं.

आता आपल्याकडे असं काही घडलं की पहिला प्रश्न काय विचारला जातो? ‘आई कुठं होती? लक्ष नव्हतं का?’ सासू विचारते, नवरा विचारतो, दवाखान्यातही विचारतात. मणी कुणी बनवला, त्याच्या पाकिटावर इशारा का नव्हता, हे कुणी विचारत नाही. आई कुठं होती? ती चार घरची धुणीभांडी करत होती, नाहीतर नळावर होती. मूल सात वर्षांच्या मोठ्या बहिणीच्या कडेवर होतं. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती २०१७ साली कायद्यात आली. पण घरकाम करणारी, कचरा वेचणारी, बिडी वळणारी बाई त्यात कुठं बसते? म्हणून खेळण्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आणि पाळणाघराचा प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

तुमच्यातली एखादी म्हणेल, ‘ताई, म्हणजे आणखी एक काळजी बायकांच्याच डोक्यावर.’ हा आक्षेप रास्त आहे. घरात सावध राहावं लागेलच. पण तेवढ्यावर थांबलो तर दोष पुन्हा आईकडेच येतो. म्हणून मी कामाचे दोन भाग करते.

पहिला भाग घरातला आणि बालवाडीतला. पाच वर्षांखालचं मूल जिथं वावरतं, तिथं हे मणी नकोतच. रंग ओळखायला, मोजायला मोठी बुचं, कापडाचे चेंडू, लाकडी ठोकळे चालतात. घरात मोठ्या भावंडांनी आणलेले असतील, तर पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका. सांडलेला मणी कॉटखाली सुकून बारीक होतो, सहज दिसत नाही आणि रांगत्या बाळाला मात्र नेमका सापडतो. मुलानं मणी गिळल्याची नुसती शंका आली, तरी थांबू नका. केळं किंवा भाताचा गोळा भरवू नका, मीठपाणी पाजू नका, उलटी करवू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा, गरज पडल्यास १०८ला फोन करा. मण्याचं पाकीट किंवा उरलेला मणी बरोबर न्या आणि ‘हा एक्स-रेत दिसत नाही’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सांगायला संकोच करू नका. त्या एका वाक्यानं मोलाचे तास वाचतील.

दुसरा भाग बाहेरचा. १ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. युरोपच्या मानकानुसार, मुलाच्या घशात जाईल एवढं छोटं खेळणं पाण्यात कोणत्याही बाजूनं दीडपटीहून अधिक फुगता कामा नये. हे मणी तर कित्येक पटींनी फुगतात! पण ‘फुलदाणीच्या सजावटीसाठी’ किंवा ‘झाडांसाठी’ असं पाकिटावर छापलं की ती वस्तू खेळणं राहत नाही, आणि विकली मात्र मुलांनाच जाते. आपण आपापल्या भागातल्या दुकानांत ही पाकिटं पाहू या, चिन्ह आहे का, इशारा आहे का, याची नोंद करू या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हाधिकारी अशा तक्रारींची चौकशी करू शकतात, आणि धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. जत्रेत टोपली घेऊन बसलेली विक्रेतीही आपल्यासारखीच पोटासाठी बसलेली असते. तिच्याशी भांडून काही साधणार नाही. तिला धोका समजावून सांगायचा आणि जाब माल बनवणाऱ्याला, आणणाऱ्याला विचारायचा.

येत्या महिन्यात प्रत्येकीनं आपल्या वस्तीतली निदान पाच दुकानं पाहावीत आणि पुढच्या बैठकीत नोंदी घेऊन यावं. त्या एकत्र करून आपण जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊ, आणि त्याच निवेदनात वस्तीत पाळणाघराची मागणीही करू.